वतन सुटले, विसावा राहिला

माझे वडील नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. एक मंडळी आणि भोवतालच्या पाच वाड्या त्यांच्याकडे होत्या. आमच्या घराच्या पुढच्या दाराला आतून कडी होती, पण दिवसाउजेडी ती लावलेली मी कधी पाहिली नाही. दुपारी दोन वाजता, आई नुकती ताटावर बसलेली असताना हाक यायची, "सलाम बाई, साहेब आहेत का?" साहेब सायकलवर कुठल्या तरी वाडीला गेलेले असायचे. मग आई हात धुऊन बाहेर यायची. नवराबायकोचे भांडण, कोर्टातून आलेला कागद, तापाने फणफणलेले मूल, दहावीला बसणाऱ्या पोरासाठी प्रार्थना, जे काही असेल ते ती ऐकून घ्यायची. चहा टाकायची. ताट तसेच झाकून राहायचे.

आईला मंडळीचा पगार नव्हता, पद नव्हते, आणि रजेचा तर प्रश्नच नव्हता. तिला सगळे पाळकीणबाई म्हणत, आणि त्या एका शब्दात चोवीस तासांचे काम बसवलेले होते. वडिलांना महिन्याचे मानधन होते आणि कागदोपत्री वर्षाकाठी काही रजाही होती. ती त्यांनी किती वेळा घेतली हे मला बोटांवर मोजून सांगता येईल, आणि त्यातल्या बहुतेक वेळा ते आजारी होते.

मंडळीचे प्रेम कमी नव्हते, हे आधीच सांगते. कापणीच्या सणाला आमच्या ओसरीवर बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या येत. आई बाळंत झाली तेव्हा महिला मंडळातल्या बायांनी चाळीस दिवस घरात चूल पेटू दिली नाही. पण इतकी वर्षे इतक्या माणसांनी इतके काही दिले, त्यात एक गोष्ट कधीच आली नाही. "आज आम्ही बघतो, तुम्ही झोपा," असे कोणी म्हणाले नाही. कोणाच्या मनात खोट होती म्हणून नाही. सेवकाला विसावा लागतो आणि तो देणे हे आपले काम आहे, ही गोष्ट मंडळीला कोणी शिकवलीच नव्हती.

विश्रांती आणि सेवा यांचा मेळ कसा घालावा, या विषयावर आपल्याकडे आता बरेच बोलले जाते. शिबिरांमध्ये व्याख्याने होतात. पण त्या सगळ्यात सेवकालाच सांगितले जाते, की बाबा रे, तू आपला वेळ नीट आखून घे, "नाही" म्हणायला शीक. माझे म्हणणे वेगळे आहे. मेळ घालणे हे एकट्या माणसाच्या हातात नाही. थकलेल्या माणसाने ओझे खाली ठेवायचे ठरवले, तर ते उचलणारा दुसरा खांदा तिथे असला पाहिजे. शवपेटी खांद्यावरून कब्रस्तानात नेताना थोड्या थोड्या अंतरावर खांदेपालट होते. खांदा बदलणाऱ्याला मृताविषयी आदर नाही असे कोणी म्हणत नाही. पण मागून कोणी पुढे आलेच नाही, तर पहिल्या चौघांनी काय करायचे? आपल्या मंडळ्यांमध्ये पहिले चौघेच शेवटपर्यंत चालत आहेत.

हे असे का झाले, याचा विचार करताना मला आपल्याच इतिहासात मागे जावे लागते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. पुढच्या शंभर वर्षांत नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात ज्यांनी ख्रिस्त स्वीकारला त्यांतले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आले. माझे पणजोबा त्यांतलेच. महारकी, म्हणजे महार वतनाचे काम काय, हे ज्यांच्या घरात सांगितले जाते त्यांना माहीत आहे. गावाची राखण, सांगावे पोचवणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारी अंमलदारांची सरबराई. त्याला वेळ नव्हती, काळ नव्हता. रात्री हाक आली की काठी घेऊन निघायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती मागणारे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी नेमके या गोष्टीवर बोट ठेवले होते. वतनदाराला रात्रंदिवस राबावे लागते, आणि तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला जुंपले जाते. म्हणजे वतन एका माणसाच्या नावावर, बांधील मात्र सगळे घर. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

मला हे पहिल्यांदा नीट कळले तेव्हा माझ्यासमोर आमच्या घराचे पुढचे दार उभे राहिले. साहेब नसतील तर बाई. बाई नसतील तर थोरली मुलगी, म्हणजे मी. नेमणूक एकाची आणि बांधील घरातले सगळे. वतनातून सुटून आलेल्या लोकांनी आपल्या पाळकाच्या घराला नकळत तीच रीत लावली. फरक होता, आणि तो लहान नव्हता. इथे मान होता, प्रेम होते, मारझोड नव्हती. तरीही "आज नाही" म्हणण्याची मुभा नसणे, ही एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती. आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ती मुभा नव्हती, त्यांना तिची किंमत सगळ्यांत जास्त कळायला हवी.

म्हणूनच शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याच्या आज्ञेचा अर्थ मला बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात जास्त भिडतो. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा आल्या आहेत. 'निर्गम' या पुस्तकात शब्बाथाचे कारण दिले आहे ते असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलते. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा. तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. तिथे मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांची नावे घेतली आहेत. आज्ञा ज्याला दिली आहे त्याच्याकडे दास आहेत, बैल आहेत. म्हणजे जो इतरांकडून काम करून घेतो त्याला ही आज्ञा आहे. तुझ्यासाठी राबणाऱ्याला थांबू दे, असे त्याला सांगितले आहे. आपण तिचा अर्थ उलटा लावला. कामकऱ्याने स्वतःच वेळ काढून विसावा घ्यावा, आणि जमले नाही तर तो त्याचा दोष.

मिसरातल्या विटांच्या भट्ट्यांवर सुट्टीचा वार नव्हता. गुलाम आणि मोकळा माणूस यांच्यातला फरक सातव्या दिवशी दिसतो. मुंबईच्या गिरण्यांमध्येही आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन स्थापली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात पहिली मागणी होती रविवारच्या पूर्ण सुट्टीची. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, आणि रविवार हा खंडोबाचाही वार आहे. पण शब्बाथाच्या आज्ञेतला मूळ मुद्दा त्यांच्या त्या निवेदनात जितका स्पष्ट दिसतो, तितका मला कित्येक उपदेशांत दिसलेला नाही. थकलेल्या कामगारांना त्यांनी धीर धरायला सांगितले नाही. मालकांना सांगितले, गिरणी बंद ठेवा.

मी स्वतः पाळक झाले नाही. नर्स झाले, आणि चौतीस वर्षे ते काम केले. सेवेचा विषय निघाला की लोक नर्सचे उदाहरण हमखास देतात, पांढरा गणवेश, रात्रीचा कंदील वगैरे. वॉर्डातली खरी शिस्त त्यांना दिसत नाही. वॉर्डात भिंतीवर ड्यूटीचा तक्ता असतो. सकाळ, दुपार, रात्र. पाळी संपली की दुसऱ्या सिस्टरला चार्ज द्यायचा: अमुक खाटेला सलाईन चालू आहे, तमुक पेशंटचा ताप दर तासाला बघायचा. चार्ज दिला की घरी जायचे. जाताना कोणाला अपराधी वाटत नाही, कारण रोगी वाऱ्यावर सोडलेला नसतो.

मी एका रुग्णालयात असताना साथीचे दिवस आले, दोघी सिस्टर स्वतः आजारी पडल्या आणि मी सलग दोन पाळ्या केल्या. तिसरीही करते म्हणाले. मला वाटत होते की ही सेवा आहे, प्रभू बळ देईल. पहाटे चारच्या सुमारास मी इंजेक्शन भरायला घेतले. हातात जी कुपी होती ती त्या रोग्याची नव्हतीच. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने, एकोणीस वर्षांच्या पोरीने, माझे मनगट धरले. ती काही बोलली नाही, फक्त कुपीवरच्या नावाकडे बोट दाखवले. त्या दिवसानंतर मी थकव्याकडे त्यागाचे चिन्ह म्हणून कधी पाहिले नाही. माझी झोप ही माझी एकटीची चैन नव्हती. ती त्या रोग्याचा हक्क होती.

पाळकाच्या हातात कुपी नसते, म्हणून तिथली चूक दिसत नाही. पण थकलेला पाळक तोंडातून एखादे वाक्य काढतो आणि ते ऐकणारी बाई वीस वर्षे मंडळीत पाऊल टाकत नाही, हे मी पाहिले आहे. थकलेली आई दारातल्या माणसाशी गोड बोलते आणि आत येऊन मुलावर हात उगारते, हेही पाहिले आहे. तो हात मी खाल्लेला आहे. आईवर माझा राग नाही. ती त्या दिवशी पहाटे साडेचारपासून उभी होती.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्या पाळकांचे तास कोणी मोजत नाही. रविवारी दोन किंवा तीन उपासना, बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी उपवास प्रार्थना, मधल्या दिवसांत घरभेटी, दवाखाना, पोलीस स्टेशन, लग्ने, मयती, आणि डिसेंबर लागला की कॅरोलच्या निमित्ताने रात्री दीड-दोनपर्यंत घरोघर. कोणी हे तास मोजून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या सभेत ठेवले, तर पंचावन्नचा आकडा बुधवारी संध्याकाळीच ओलांडलेला दिसेल असे आठवडे सापडतील.

यावर मला नेहमी एक वचन ऐकवले जाते. पीक फार आहे, पण कामकरी थोडे आहेत. कामकरी थोडे म्हणून असलेल्यांनी जास्त राबायचे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मत्तयाच्या नवव्या अध्यायात हे वचन जिथे आहे तिथे पुढचे वाक्य वाचा. पिकाच्या धन्याने कापणीसाठी आणखी कामकरी पाठवावेत अशी प्रार्थना करा, असे येशू म्हणतो. थोड्यांनी दुप्पट कापणी करावी असे तो म्हणत नाही. कामकरी कमी आहेत ही अडचण त्याला मान्य आहे, आणि त्यावर त्याचा उपाय कामकरी वाढवणे हा आहे. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो याने रानात हेच सांगितले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा बसून लोकांचे न्याय करतो हे पाहून तो सरळ म्हणाला, हे ठीक नाही, तू झिजशील आणि हे लोकही झिजतील. मग त्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमायला लावली. लोकही झिजतील, हे इथ्रोचे शब्द फार मोलाचे आहेत. एकाच दारासमोर रांगेत उभा राहणाराही झिजतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो मी टाळणार नाही. ख्रिस्ताने स्वतःला राखून ठेवले का? गर्दी पाहून त्याला कळवळा आला तेव्हा त्याने विसावा बाजूला ठेवला नाही का? मार्काचा सहावा अध्याय हेच सांगतो. शिष्य सेवेहून परत आले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड होत नव्हती. येशू म्हणाला, तुम्ही एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. ते तारवातून निघाले, पण लोक किनाऱ्याने धावत पुढे पोचले. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसले आणि त्याने त्यांना शिकवले, जेवू घातले. ठरलेला विसावा त्या दिवशी मोडला, हे खरे. पण इथेच पुस्तक मिटायचे नाही. लोक जेवून तृप्त झाल्याबरोबर येशूने शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवले, आणि जमावाला निरोप द्यायला तो स्वतः मागे थांबला. मग प्रार्थना करायला डोंगरावर गेला. त्या रात्री वारा उलटा होता आणि शिष्य वल्ही मारून हैराण झाले, म्हणजे त्यांना झोप लाभली असेल असे वाटत नाही. तरी माझ्या मनात राहते ते मधले दृश्य. पाच हजारांच्या जमावाला निरोप देण्याचे शेवटचे, कंटाळवाणे काम धन्याने चाकरांवर टाकले नाही. ते स्वतःकडे घेतले.

आणि कफर्णहूमची ती सकाळ. आदल्या संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटले होते. पहाटे अंधारातच येशू उठून एकांती गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला, "सगळे आपला शोध करत आहेत." येशू परत गेला नाही. आपण दुसऱ्या गावांत जाऊ, म्हणाला. त्या दाराशी त्या सकाळीही कोणी आजारी माणूस आला असेल. प्रत्येक हाकेला ओ देणे म्हणजेच प्रीती, असे येशू मानत असता, तर तो त्या गावाबाहेर कधी पडलाच नसता.

संकटाच्या वेळची गोष्ट निराळी. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले, तेव्हा कोणी त्यांना रविवारची आठवण करून दिली असती तर ते क्रूर ठरले असते. त्याच सुमाराच्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्याच साथीत लोखंडेही गेले. अशा वेळी माणसाने जीव द्यावा लागला तर द्यावा, हे मी मानते. शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल वर काढावाच, असे येशूनेही म्हटले. पण तोच बैल दर आठवड्याला त्याच विहिरीत पडत असेल, तर रात्री दोर घेऊन धावणाऱ्याचे कौतुक करण्याऐवजी गावाने विहिरीला कठडा बांधायला हवा. आपल्या मंडळ्यांमध्ये जे रोज चालते ते दुष्काळ आणि प्लेग नाही. ती रोजची व्यवस्था आहे, आणि ती बदलता येते.

एका माणसाच्या औदार्याचा खर्च दुसऱ्याच्या विसाव्यातून निघतो, हे मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने गेले नाही. त्यांची भजने गात आम्ही वाढलो, त्यांच्याविषयी माझ्या मनात निव्वळ कृतज्ञता आहे. पण लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचताना दुसरी बाजूही दिसते. टिळक घरात आणत ती माणसे, ती मुले, आणि हातातून जाणारा तो पैसा, या सगळ्यांची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे. त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही. म्हणूनच आपण वाचणाऱ्यांनी तो हिशोब जास्त काळजीने मांडायला हवा.

मार्था आणि मरिया या बहिणींच्या घरी येशू येतो, त्या गोष्टीवर मी आजवर ऐकलेले बहुतेक उपदेश मार्थेला टोचणारे होते. मार्था धावपळ करते, मरिया येशूच्या चरणांपाशी बसते, मरियेने चांगला वाटा निवडला. उपदेश संपला की त्याच मंडळीच्या मागच्या अंगणात प्रीतिभोजनाची पातेली चुलीवर असतात आणि दहा-बारा बाया भाकऱ्या थापत असतात. त्यांनी उपदेश ऐकलेलाच नसतो. मार्थेची तक्रार पुन्हा एकदा वाचावी: "माझ्या बहिणीने माझ्या एकटीवर कामाचा भार टाकला आहे." त्यातला "एकटीवर" हा शब्द मला वाचता वाचता थांबवतो. मरियेचा वाटा तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही, असे प्रभू म्हणाला. तो वाटा मार्थेलाही मिळावा असे त्याला वाटत नसेल का? मग पातेल्याजवळ कोण उभे राहणार, हे मंडळीने ठरवावे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी कापणीच्या सणाचा स्वयंपाक तरुण संघातल्या मुलांनी आणि वडीलजनांनी केला. भात थोडा चिकट झाला. बाया पुढच्या बाकांवर बसल्या होत्या, आणि एक साठीची बाई मला म्हणाली की सणाची उपासना सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

विश्रांतीचे नाव घेऊन सेवेतून अंग काढणारेही आहेत, हे मला ठाऊक आहे. "मला आता स्वतःसाठी वेळ हवा" असे म्हणणाऱ्यांत ज्यांनी कधी कोणासाठी वेळ दिलाच नाही असेही असतात. शब्बाथाच्या आज्ञेत सहा दिवस श्रम कर हेही आहे. आणि विसावा म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे दमवणारेच असते. पाळकांसाठी महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला ठेवलेल्या तीन दिवसांच्या शिबिरांचे वेळापत्रक मी पाहिले आहे. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सत्रे, मध्ये गटचर्चा, आणि बायकोमुले घरी, दाराशी आलेल्यांना चहा देत. त्यातून माणूस थकून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी रविवार असतो.

आणखी एक समजूत मला खटकते. विश्रांती घ्या म्हणजे जास्त काम करता येईल, जसा मोबाइल चार्जिंगला लावतात तसे. असे म्हटले की विसावा पुन्हा कामाचाच चाकर होतो. उत्पत्तीच्या वृत्तांतात माणूस सहाव्या दिवशी घडवला गेला. त्याचा पहिला पूर्ण दिवस सातवा होता. त्याने अजून काडीही उचललेली नव्हती, आणि देवाबरोबर विसाव्याने त्याचे आयुष्य सुरू झाले. ज्याने काहीच कमावले नाही त्याला मिळालेली ती देणगी होती. म्हातारा पाळक, ज्याच्याकडून आता काही काम होणार नाही, त्यालाही विसावा हवा, तो याच कारणाने.

करायचे काय, हे फार अवघड नाही. पाळकाचा आठवड्याचा सुट्टीचा वार, बहुधा सोमवार, वडीलजनांच्या सभेने ठराव करून ठरवावा आणि रविवारी व्यासपीठावरून पाळकाने नव्हे, तर वडीलजनांनी जाहीर करावा. त्या दिवशी हाक कोणाला मारायची त्याचे नाव आणि फोन नंबर मंडळीच्या फलकावर लावावा. मयत किंवा मरणाच्या दारातले आजारपण सोडून बाकी सगळे मंगळवारपर्यंत थांबू शकते. वार्षिक रजेत बदली उपदेशकाचा प्रवासखर्च मंडळीच्या अंदाजपत्रकात असावा, म्हणजे पाळकाला ओळखीच्या माणसाची विनवणी करत फिरावे लागणार नाही. पाळकीणबाईंना मंडळीचे काम द्यायचे असेल तर विचारून द्यावे, आणि "नाही" हे उत्तर ऐकून घ्यावे. शब्बाथशाळेच्या शिक्षिका, ऑर्गन वाजवणारा, गावोगाव जाणाऱ्या बायबलवाल्या बाई, यांच्याही पाळ्या लागाव्यात. वॉर्डात तक्ता लावायला आम्हाला फार मोठी बुद्धी लागली नव्हती. एक पुठ्ठा आणि पट्टी पुरली.

पण मंडळीतले सगळ्यांत थकलेले माणूस बहुधा तक्त्यावर नसतेच. आमच्या भागात एक बाई आहे. तिची सासू नऊ वर्षे अंथरुणावर आहे. कूस बदलायची, पुसून घ्यायचे, भरवायचे, रात्री तीनदा उठायचे. मंडळी तिला विसरलेली नाही. महिन्यातून एकदा आम्ही दहा-पंधरा जण तिच्या घरी प्रार्थनेला जातो, दोन गीते म्हणतो, वचन वाचतो, तिची सेवा प्रभू पाहतो आहे असे सांगतो. आणि ती आमच्यासाठी पोहे करते. मी कित्येक वर्षे ते पोहे खाल्ले.

एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आणि रतामाच्या झाडाखाली बसून देवाजवळ मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. मग हात लावून उठवले. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदाही उठवून खायला घातले, कारण वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. देवाची वाणी त्याने नंतर ऐकली, चाळीस दिवसांनी. आधी झोप आणि भाकर.

आता गुरुवारी दुपारी बारा ते चार मी त्या घरी जाते. महिला मंडळातल्या आणखी तिघींनी इतर वार वाटून घेतले आहेत. प्रार्थना मी मनातच करते. येताना भाजीभाकरी घेऊन येते, म्हाताऱ्या मावशींची कूस बदलते, त्यांना पाणी देते, त्यांच्या माहेरच्या गोष्टी ऐकते. पहिल्या दोन गुरुवारी ती बाई झोपलीच नाही. चुलीपाशी खुडबुड करत राहिली, मध्येच डोकावून विचारत राहिली, "ताई, काही लागतंय का?" तिसऱ्या गुरुवारी ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले. साडेतीन वाजता दारात कोणी तरी आले आणि तिला हाक मारू लागले. मी ओठांवर बोट ठेवले आणि त्यांना अंगणातच बसवले.